नकाराचा खर्च कोणी उचलायचा?

पुणे-नाशिक महामार्गावर आंबेगाव तालुक्यात मंचरजवळ अवसरी फाटा लागतो. पराग मिल्क फूड्सचा दूधप्रकल्प या फाट्यावरच. आत अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, आणि शेजारी अवसरी बुद्रुक. भीमाशंकर सहकारी साखर कारखान्याच्या पत्त्यात आजही ‘पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक’ असं लिहिलेलं असतं, इतकं हे गाव जुन्या महसुली कागदांत मुरलेलं आहे. ऊस, कांदा, बटाटा आणि दूध यांवर चालणारा हा पट्टा. अशा गावांत कमावणारा एक वर्ग असा आहे की त्याची नोकरी शेजाऱ्यालाही धड दिसत नाही. आयुर्विम्याचे एजंट, खत-औषध कंपनीचा फिल्डवरचा पोरगा, पतसंस्थेचा पिग्मीवाला, आणि २०२० नंतर त्यात भर पडलेली, घरात बसून फोनवर कर्ज नाहीतर कोर्स विकणारी पदवीधर मुलं. यांचा साहेब पुण्याला, मुंबईला, कधी बंगळूरला. गाठभेट क्वचित, बाकी सगळा कारभार मोबाईलवर.

या साहेबलोकांची तक्रार सगळीकडे सारखीच ऐकू येते. माणसं जुन्या गिऱ्हाईकांवर दिवस काढतात, नव्या माणसाला भेटतच नाहीत. आठवडाभर जोर असतो, मग सगळं गार. उपायही ठरलेला असतो. सकाळी सातला ग्रुपवर स्फूर्तीचा संदेश, महिनाअखेरीला पहिल्या दहांची यादी, तिमाहीला गोव्याची सहल, वर्षातून एकदा भाषण करणारा पाहुणा. याने दोन-चार दिवस हालचाल होते हे खरं आहे. पण पाचव्या दिवशी काय होतं याचं उत्तर या उपायांत नाही, कारण त्यांचा सगळा रोख विक्रेत्याच्या मनावर आहे. मन कच्चं म्हणून काम कच्चं, अशी ती समजूत.

मला ती समजूत पटत नाही. नवं गिऱ्हाईक शोधण्यातलं सातत्य हा स्वभावापेक्षा हिशेबाचा प्रश्न जास्त आहे. नव्या माणसाच्या शोधात बहुतेक ठिकाणी नकारच मिळतो. होकार हा त्या नकारांच्या पोटातूनच यायचा असतो. मग एवढ्या नकारांना लागणारं पेट्रोल, वेळ आणि अब्रू कोणाच्या खिशातून जाते, यावर तो माणूस पुढच्या सोमवारी घराबाहेर पडेल की नाही हे ठरतं. कंपनीने हा खर्च विक्रेत्याच्या माथी टाकला असेल, तर त्याने फिरणं थांबवणं हा आळस नसतो. आपल्या घरचा पैसा आणि आपली माणसं राखायचा तो शहाणपणा असतो.

अब्रूचा हिशेब कंपनीच्या तक्त्यात कधी येत नाही, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. शहरात अनोळखी माणसाने फोन आपटला तर तो माणूस आयुष्यात पुन्हा भेटत नाही. अवसरी बुद्रुकसारख्या गावात आज ज्याने टाळलं तो उद्या सकाळी दूध घालायला आपल्याशेजारी किटली घेऊन उभा असतो आणि परवा भावकीतल्या लग्नात त्याच पंगतीला बसलेला असतो. शिवाय गावात तोंडावर ‘नाही’ कोणी म्हणत नाही. ‘उसाचं बिल येऊ द्या.’ ‘ह्यांना विचारून सांगते.’ ‘पोरगा पुण्याहून आला की बसू निवांत.’ यातलं खरं कोणतं आणि नुसतं सभ्यतेचं कोणतं हे कळायला चार फेऱ्या होतात. तिसऱ्या फेरीला दारातली बाई आत निघून जाते आणि पोराला पाठवते, ‘सांग घरी नाहीत म्हणून.’ साहेबाच्या स्क्रीनवर या सगळ्याची नोंद ‘फॉलोअप बाकी’ एवढीच होते. गावात मात्र त्या माणसाची ओळख बदललेली असते. पूर्वी तो अमक्याचा मुलगा होता, आता तो दिसला की लोक रस्ता बदलतात. ही किंमत कोणतंच इन्सेन्टिव्ह भरून देत नाही, आणि ती मोजायची म्हटलं तर कंपनीला रकानाही सापडणार नाही.

विक्रीचा प्रत्येक धंदा असा नसतो. अवसरीहून महामार्गाने उत्तरेला गेलं की जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव लागतं, तमाशाची पंढरी. यात्रांच्या हंगामात राज्यभरातले फड तिथे राहुट्या टाकतात, आणि गावोगावचे पंच स्वतः येऊन सुपारी देऊन जातात. फडमालकाला गिऱ्हाईक शोधत दारोदार फिरावं लागत नाही, कारण गावच्या यात्रेला तिथी असते आणि ती तिथी गिऱ्हाईकालाच घाई करते. विम्याला अशी तिथी नाही. बचतीला नाही, ठिबकच्या संचाला नाही, मुलाच्या शिकवणीलाही नाही. ज्या मालाची गरज आज टाळली तरी उद्या काही बिघडत नाही, त्याच मालासाठी माणूस पाठवावा लागतो, आणि त्या पाठवलेल्या माणसाला टाळाटाळ खावी लागते. टाळाटाळ हा या धंद्याचा कच्चा माल आहे. कच्च्या मालाचे पैसे मालकाने द्यायचे असतात.

या बाबतीत आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण आयुर्विमा महामंडळाचं. १ सप्टेंबर १९५६ रोजी स्थापन झालेल्या एलआयसीकडे आज १४ लाखांहून अधिक एजंट आहेत. ‘रिमोट टीम’ हा शब्द कोणी उच्चारलाही नव्हता तेव्हापासून ही फौज गावोगावी एकेकटी काम करते आहे. तिची रचना साधी होती: पगार नाही, पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर मोठं कमिशन, पुढच्या हप्त्यांवर बारीक पण चालू राहणारं. वर डीओ, म्हणजे विकास अधिकारी, तो पगारी. नकाराचा सगळा खर्च एजंटाचा. म्हणून नवा एजंट आधी काका, मामा, मेहुणा, शाळेतला मित्र असा फिरतो, आणि नात्यातली यादी संपली की त्याचं फिरणंही संपतं. तोवर महामंडळाला त्याच्या गोतावळ्याचा धंदा मिळालेला असतो, म्हणून वरच्यांना या गळतीची फारशी टोचणी लागत नाही. आयुर्विम्याच्या एजंटांतली गळती हा जगभरचा जुना विषय आहे, आणि तिचं मूळ मला इथे दिसतं.

२० जानेवारी २०२५ या एका दिवसात एलआयसीच्या ४,५२,८३९ एजंटांनी ५,८८,१०७ पॉलिसी पूर्ण केल्या. गिनेस बुकाने तो जागतिक विक्रम म्हणून नोंदवला. त्या दिवशी प्रत्येक एजंटाने निदान एक पॉलिसी करावी असं आवाहन वरून झालं होतं. हा आकडा प्रेरणेचा चमत्कार म्हणून मिरवला गेला, आणि एवढ्या विखुरलेल्या माणसांनी एका दिवशी एवढं काम उभं केलं हे कौतुकाचंच आहे. मात्र त्यातून काय सिद्ध झालं ते नीट बघायला हवं. पावणेसहा लाखांहून अधिक विमेदार एका दिवसात शोधून होत नाहीत. ते आधीच कुणाच्या तरी वहीत होते. कुणीतरी सप्टेंबरात, दिवाळीत, डिसेंबरात त्यांच्या ओट्यावर बसून चहा घेतला होता. विक्रमाच्या दिवशी कापणी झाली. पेरणीच्या त्या फेऱ्यांची नोंद कुठल्याच बुकात नाही. आणि याच आकड्याची दुसरी बाजू अशी की तीनांतल्या साधारण दोघा एजंटांकडून, एवढं आवाहन होऊनही, त्या दिवशी एकही पॉलिसी आली नाही. साहेबाने अभ्यास करावा तो या दोघांचा. त्यांच्या वहीत नाव का नव्हतं? मला वाटतं, नाव लिहिण्याआधीच्या फेऱ्या त्यांना परवडल्या नव्हत्या.

एलआयसीच्याच घरात याला दिलेलं एक चांगलं उत्तर आहे, आणि त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी पानिपतला ‘विमा सखी’ योजना सुरू झाली. दहावी झालेल्या, १८ ते ७० वयाच्या बायकांना एजंट म्हणून घ्यायचं आणि पहिली तीन वर्षं कमिशनच्या जोडीला मानधन द्यायचं: पहिल्या वर्षी दरमहा ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,०००, तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये. पहिल्या वर्षी २४ जणांचा विमा उतरवायचा, म्हणजे महिन्याला दोन. आणि दुसऱ्या वर्षीचं मानधन हवं असेल तर पहिल्या वर्षीच्या पॉलिसींपैकी निदान ६५ टक्के चालू असल्या पाहिजेत. या अटी ज्याने कुणी घातल्या त्याला गावातली विक्री कळते असं मी म्हणेन. अवसरी बुद्रुकमधली बचत गटातली एखादी बाई विमा सखी झाली, तर पहिल्या महिन्यात तिला वीस दारांतून परत यावं लागलं तरी घरात तिची बाजू पडत नाही. ‘एवढं फिरून काय मिळालं?’ या सासूच्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर असतं. आणि ६५ टक्क्यांच्या अटीमुळे तिला गळ्यात पॉलिसी मारून चालत नाही. वर्षभराने त्याच दारात हप्त्यासाठी उभं राहता येईल असंच बोलावं लागतं. मानधनाने फेरी परवडते, अटीने फेरी प्रामाणिक राहते.

उलट बाजूही आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून सरेंडर मूल्याचे, म्हणजे पॉलिसी मधेच मोडली तर परत मिळणाऱ्या रकमेचे, नवे नियम आले तेव्हा एलआयसीने एजंटांचं पहिल्या वर्षाचं कमिशन कमी केलं आणि पुढच्या हप्त्यांवरचं वाढवलं. एजंटांच्या संघटनांनी विरोध केला. पॉलिसी टिकवणाऱ्याला जास्त मिळावं हे तत्त्व मला योग्य वाटतं, पण ज्याच्याकडे जुन्या पॉलिसींची पुंजीच नाही अशा नव्या पोराची पहिली दोन वर्षं यात आणखी कोरडी गेली. विमा सखीचं मानधन पुरुष एजंटाला नाही. म्हणजे एकाच संस्थेत एका दाराने नकाराचा खर्च संस्था उचलते आहे आणि दुसऱ्या दाराने तो परत विक्रेत्यावर ढकलते आहे.

सातत्याचा खरा धडा मात्र मला पिग्मीवाल्याकडे दिसतो. डॉ. टी. एम. ए. पै यांच्या बँकेने, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेने, १९२८ साली उडुपीकडे पिग्मी ठेव सुरू केली. रोज चार आणे, दोन आणे असं दारात येऊन गोळा करायचं. पुढे महाराष्ट्रातल्या पतसंस्थांनी ती पद्धत अशी उचलली की आज तालुक्याच्या बाजारपेठेत पिग्मी न भरणारा दुकानदार शोधावा लागेल. मंचरच्या पेठेतून पिग्मीवाला रोज ठरलेल्या वेळी फिरतो. वडापाववाला, सलूनवाला, टायरवाला, मेडिकल. प्रत्येकाकडे अर्धा मिनिट. त्याला नवं खातं मिळतं ते या अर्ध्या मिनिटांच्या कडेला: शेजारी नवीन दुकान लागलं हे त्याला पाटी रंगवतानाच दिसतं, कोणाचा पोरगा वेगळा धंदा काढतोय हे त्याला बापाकडून कळतं. त्याला कधी कोणी ‘प्रॉस्पेक्टिंग कर’ असं सांगत नाही. जुन्याची सेवा आणि नव्याचा शोध ही दोन कामं त्याच्या फेरीत एकच झालेली आहेत. रिकाम्या हाताने, फक्त मागायला, तो कोणाच्या दारात जातच नाही. म्हणूनच त्याचं रोज जाणं लोकांना खुपत नाही आणि त्याला जड जात नाही.

आणि याच पिग्मीवाल्याच्या बाबतीत नकाराच्या खर्चाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बँकांचं म्हणणं होतं की हे कमिशनवरचे स्वतंत्र एजंट आहेत, आमचे नोकर नव्हेत. औद्योगिक न्यायाधिकरणाने १९८८ च्या निवाड्यात त्यांना कामगार मानलं होतं, आणि फेब्रुवारी २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. ठरावीक ठेव गोळा केली की दरमहा ७५० रुपये आधार वेतन, त्यापुढच्या रकमेवर २ टक्के, वर येण्या-जाण्याचा भत्ता आणि ग्रॅच्युइटी. रकमा आज किरकोळ वाटतील. तत्त्व किरकोळ नाही. ज्याच्या फिरण्यावर तुमचा धंदा उभा आहे त्याच्या फिरण्याचा काही वाटा तुमच्या तिजोरीतून गेला पाहिजे, हे देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने मान्य केलेलं आहे. आज घरून फोनवर विकणाऱ्या मुलांच्या करारांत ‘भागीदार’, ‘सहयोगी’ अशी गोंडस नावं घालून तीच जुनी पळवाट पुन्हा उघडली जाते, तेव्हा हा निकाल आठवावा.

आता यावरचा आक्षेप, आणि तो हलका नाही. फेरीचे पैसे द्याल तर खोट्या फेऱ्या मिळतील. औषध कंपन्यांना हे चांगलं माहीत आहे. मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह हा आपल्याकडचा जुना पगारी ‘रिमोट’ विक्रेता. त्याच्यासाठी संसदेने १९७६ साली सेवाशर्तींचा वेगळा कायदाच केला, नेमणूकपत्र आणि रजा मिळावी म्हणून. तो रोज संध्याकाळी डीसीआर, म्हणजे दिवसभराच्या भेटींचा अहवाल, भरतो, आज किती डॉक्टर आणि किती केमिस्ट पाहिले याचा. आणि त्या धंद्यातला कोणीही सांगेल की पावसाळ्यातले काही डीसीआर चहाच्या टपरीवर बसूनच भरले जातात. म्हणून मग कंपन्यांनी मोबाईलवर जीपीएस आणलं, डॉक्टरच्या दारात उभं राहून फोटो मागितला, आणि संघटनांशी भांडण सुरू झालं.

मला यात कंपन्यांची अडचण खरी वाटते आणि उपाय चुकीचा वाटतो. खोटी फेरी तिथेच होते जिथे फेरीचा आकडा साहेबाच्या कामाचा असतो आणि विक्रेत्याच्या कामाचा नसतो. रोज ‘दहा भेटी’ एवढंच विचारलं तर दहा हा आकडा मिळेल. ‘आज नव्याने कळलेली एक गोष्ट सांग’ असं विचारलं, म्हणजे कोणाकडे मुलगी दहावीला गेली, कोणी विहीर काढली, कोणाचं कर्ज फिटलं, तर ती टपरीवर बसून सांगणं अवघड आहे, आणि सांगितली तर पुढच्या महिन्यात ती विक्रेत्याच्याच उपयोगाची आहे. दुसरं असं की साहेबाने स्वतः बरोबर फिरलं पाहिजे. औषधधंद्यात याला जॉइंट वर्किंग म्हणतात, आणि तिथला जुना मॅनेजर त्याचा उपयोग पकडापकडीसाठी करत नाही. तो स्वतः डॉक्टरसमोर बोलतो आणि स्वतः नकार घेतो. नव्या पोराने साहेबाला नकार पचवताना पाहिलं की त्याला कळतं की नकार आपल्या लायकीवर मिळालेला शेरा नव्हे. हे कोणतंही स्फूर्तीचं भाषण शिकवू शकत नाही.

अमेरिकेत मार्टिन सेलिगमन या मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात मेट्रोपॉलिटन लाइफच्या विमा एजंटांचा अभ्यास केला होता. जे एजंट अपयशाचा अर्थ आशावादी रीतीने लावत, त्यांनी पहिल्या दोन वर्षांत बाकीच्यांपेक्षा ३७ टक्के जास्त विमा विकला. यावरून कंपनीने आशावादी माणसं निवडून भरती करायला सुरुवात केली. निष्कर्ष महत्त्वाचा आहे, पण धडा मी वेगळा घेईन. माणूस नकाराचा जो अर्थ लावतो त्यावर त्याचं टिकणं अवलंबून असेल, तर तो अर्थ त्याला एकट्याने, रात्री अंथरुणावर पडून लावायला ठेवू नका. आशावादी माणसं निवडून आणणं मोठ्या शहरात जमेल. अवसरीत तुमच्याकडे दोन-तीन इच्छुक असतात. त्यांच्याबरोबरच काम उभं करायचं असतं.

एकटेपणाचा मुद्दा घरून काम करणाऱ्यांना जास्त लागू आहे. शांघायच्या सीट्रिप या प्रवासकंपनीत निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. कॉल सेंटरमधल्या ज्या इच्छुकांना नऊ महिने घरून काम दिलं, त्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. पण पुढे सगळ्यांना पुन्हा निवड करू दिली तेव्हा निम्म्याहून अधिकांनी आपली आधीची निवड बदलली, आणि घरून काम केलेल्यांची मोठी तक्रार एकटं पडल्याची होती. तिथे येणारा फोन बहुतेक गिऱ्हाईकाच्या गरजेचा होता. आपल्या मुलाने करायचा फोन कुणाच्याच गरजेचा नसतो; १४० ने सुरू होणारा नंबर दिसला की लोक उचलतच नाहीत, आणि उचलला तर शिवी. आजीच्या खोलीत खाट टाकून, लाइट गेली तर मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, दिवसभर हे ऐकणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलाला संध्याकाळी विचारलं जातं, आज आकडा कमी का? त्याच कंपनीची मंचर-नारायणगाव-राजगुरुनगर भागातली चार मुलं आठवड्यातून एकदा एका टेबलाभोवती बसून फोन करू लागली, तर त्याचा खर्च एका खोलीच्या भाड्याएवढा येईल.

लांबच्या साहेबाला गाव कळत नाही, याचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे तो पाठवतो ते वेळापत्रक. ‘शेतकरी संध्याकाळी घरी सापडतो, सहा ते आठ भेटी घ्या.’ जुन्नर-आंबेगावात हा सल्ला कोणी दिला तर त्याने माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र का उभारावं लागलं ते आधी विचारावं. उसामुळे बिबट्या इथे घराच्या अंगणापर्यंत आलेला आहे. घरं मळ्यांत विखुरलेली, दोन वस्त्यांमध्ये ऊस, आणि अंधार पडल्यावर लोक एकट्याने दुचाकीवरून जायचं टाळतात. विमा सखीने सातला मळ्यातल्या घरी जावं हा हुकूम नाही, तो धोका आहे. याउलट सकाळ-संध्याकाळ डेअरीवर दूध घालायला अख्खं गाव येतं. तिथे दहा मिनिटं उभं राहिलं तर दहा जण भेटतात. दुधाचा पगार कधी होतो, उसाचं पहिलं बिल कधी पडतं, कांदा कधी बाहेर निघतो हे जिला ठाऊक आहे तिलाच कळतं की कोणत्या आठवड्यात कोणाच्या दारात जायचं आणि कोणत्या आठवड्यात नुसतं ‘काय चाललंय’ विचारून परतायचं. लावणीच्या दिवसांत फेऱ्या कमी होणारच. त्याला साहेबाने गार पडणं म्हणू नये. सातत्य म्हणजे रोज सारखा आकडा नव्हे हे एकदा मान्य केलं तर फेरी आखण्याचा हक्क तिचाच राहतो, आणि माणूस स्वतः आखलेली फेरी सहसा मोडत नाही.

कंपनीचं स्वतःचं सातत्य कोण तपासतं, हाही प्रश्न आहे. पराग मिल्क फूड्सची सुरुवात देवेंद्र शहा यांनी १९९२ साली मंचरला केली त्यामागे ‘दूध सुट्टी’ होती असं सांगितलं जातं. दूध जास्त झालं की खरेदीदार एखाद्या दिवशी दूधच घ्यायचे नाहीत, आणि गाय तर सुट्टी घेत नाही. रोज दूध घेतलं जाईल या हमीवरच शेतकऱ्याने गोठा वाढवायचा असतो. विक्रेत्याचंही तसंच आहे. दर तिमाहीला योजना बदलते, कमिशन दोन-दोन महिने अडकतं, ज्या गावांत वर्षभर ओळखी केल्या ती गावं अचानक दुसऱ्याला दिली जातात, आणि मग त्याच माणसाकडून रोजच्या नियमाची अपेक्षा केली जाते. जी कंपनी कमिशनचा दिवस पाळत नाही तिने फेरीचा दिवस मागू नये.

या सगळ्यापेक्षा खोल असं एक कारण उरतं, ज्याबद्दल विक्रीच्या प्रशिक्षणात कोणी बोलत नाही. कधीकधी विक्रेता फिरत नाही, कारण आपण विकतोय ते चांगलं नाही हे त्याला आतून कळलेलं असतं. पीएसीएल, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘पर्ल्स’, ही कंपनी जमिनीच्या नावाखाली पैसे गोळा करत होती. सेबीने ऑगस्ट २०१४ मध्ये तिला पैसे परत करायचा आदेश दिला तेव्हा आकडा होता सुमारे ४९,१०० कोटी रुपये आणि ५ कोटी ८५ लाख गुंतवणूकदार. एवढे लोक जाहिरातीने येत नाहीत. देशभरातल्या गावोगावच्या एजंटांनी, वर्षानुवर्षं, अतिशय नियमाने फिरून ते आणले. सातत्याच्या मोजपट्टीवर ते एजंट अव्वल ठरले असते. त्यातल्या अनेकांना पुढे आपल्याच गल्लीत राहणं अशक्य झालं, कारण लोकांनी पैसे कंपनीला दिले नव्हते, ओळखीच्या माणसाला दिले होते. म्हणून एखाद्या गावातले तुमचे तिन्ही विक्रेते एकदम मंदावले तर त्यांना जोश द्यायच्या आधी विचारा: ही योजना तू तुझ्या बहिणीला देशील का? उत्तर द्यायला तो घुटमळला तर दोष त्याच्या मनोबलात शोधू नका, मालात शोधा. गावात राहणाऱ्या विक्रेत्याचा संकोच ही कंपनीला फुकट मिळालेली सर्वांत प्रामाणिक तपासणी आहे. प्रोत्साहनाच्या माऱ्याने तो संकोच मोडून काढणं हे कंपनीचं, गावाचं आणि त्या माणसाचं सारखंच नुकसान आहे.

विमा सखी योजनेत पहिल्या तुकडीत आलेल्या बायकांचं मानधन डिसेंबर २०२७ च्या सुमारास संपू लागेल. तोपर्यंत त्यांच्या पॉलिसी टिकल्या असतील तर पुढच्या हप्त्यांचं कमिशन त्यांच्या फेरीचं पेट्रोल काढेल. टिकल्या नसतील तर त्या शांतपणे घरात बसतील आणि वर कोणी तरी म्हणेल की बायकांत चिकाटी नाही. एलआयसीने त्या वेळी एकच आकडा जाहीर करावा अशी माझी मागणी आहे: मानधन थांबल्यानंतर बारा महिन्यांनीही नव्या माणसाचा विमा उतरवत असलेल्या सख्या किती, आणि त्या कोणत्या तालुक्यांत. तो आकडा आंबेगावात चांगला आणि शेजारच्या तालुक्यात वाईट निघाला, तर दोन्हीकडच्या डीओंना समोरासमोर बसवून विचारता येईल की त्यांच्यातलं कोण किती वेळा, कोणाबरोबर, कोणत्या वस्तीवर गेलं होतं.